राजधानी करवीर, पायी पायी

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरला येणारा पाहुणा बहुधा यादी घेऊनच उतरतो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर एक चक्कर, पन्हाळा, जोतिबा, रात्री तांबडा-पांढरा आणि निघताना चपलांची खरेदी. यादी चांगलीच आहे, त्यात वजा करण्यासारखं काही नाही. पण हे गाव एका राज्याची राजधानी होतं, ही गोष्ट त्या यादीतून निसटते. महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर मांडलेली गादी पुढे इथे आली आणि १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत कारभार इथूनच चालला. राजधानी म्हणून हे गाव कसं पाहायचं, ते आज सांगणार आहे.

निमित्त झालं माझ्या नागपूरच्या मैत्रिणीचं. तीही एका जुन्या राजधानीतलीच. नागपूर भोसल्यांची राजधानी, मग मध्य प्रांताची, आणि आता उपराजधानी. त्यामुळे तिनं आल्या आल्या विचारलं, "भाऊजी, तुमच्या राजाचा वाडा कुठं आहे?" माझे यजमान म्हणाले, "वाडा दाखवतो की ताई, पण आधी राजानं काय काय केलं ते बघू या. गाडी राहू दे, चालतच जाऊ."

सकाळी अंबाबाईचं दर्शन झालं. किरणोत्सवाचं सांगितलं. जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात, वर्षातून दोनदा, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, कधी देवीच्या चरणांपर्यंत, कधी मुखापर्यंत. देवळाबाहेर पडलं की लगेच भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा. तुळजाभवानीचं देऊळ, नगारखान्याची कमान, पाठीमागे जुन्या शाळा. देव आणि दरबार एकमेकांना खेटून आहेत. इथे फार रेंगाळलो नाही, कारण मला तिला भाऊसिंगजी रोडवर न्यायचं होतं.

श्रोतेहो, या रस्त्यावरून आपण रोज जातो. भाजी घ्यायला, महापालिकेत, सीपीआर रुग्णालयात. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल होतं. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर त्यांना हे कळलं, त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. हॉटेल निघालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराजांनी आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचा. राजानं घोट घेतल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय उरत नव्हती. हा प्रसंग मी पुस्तकात वाचला होता. पण त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून, रिक्षांच्या गर्दीत तो मैत्रिणीला सांगताना माझा आवाज भरून आला. हुकूम दरबारात बसून काढता येतो. चहा मात्र सगळ्या गावासमोर प्यावा लागतो.

हुकूमही काढलाच होता. २६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटात तो छापून आला. सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. महाराज त्या वेळी विलायतेत होते आणि वयानं अवघे अठ्ठावीस वर्षांचे.

पुढे टाउन हॉलच्या बागेत गेलो. तिथल्या सरकारी संग्रहालयात पॉसिडॉनची ब्राँझची मूर्ती आहे, तळहातावर मावेल एवढी. ग्रीकांचा हा समुद्रदेव सापडला आपल्या पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात. सातवाहनांच्या काळात रोमशी चालणाऱ्या व्यापाराबरोबर तो इथवर आला. मैत्रीण काचेला नाक लावून किती तरी वेळ बघत होती. एक हात उंच उचललेला, अंगाला सैलसा डौलदार बाक. दोन हजार वर्षांपूर्वी ती घाट चढून इथवर कुणी आणली असेल, या विचारात आम्ही तिघंही तिथेच थबकलो.

तिथून दसरा चौक पाच मिनिटांवर. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, आणि भोवती नीट पाहिलं तर वसतिगृहं दिसतात. मुस्लिम बोर्डिंग आहे, दिगंबर जैन बोर्डिंग आहे. खेड्यातल्या हुशार पोराला शहरात शिकायचं तर राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाला बोर्डिंग काढायला लावून दिलं. जागा दिल्या, उत्पन्नं लावून दिली. माझ्या मते कोल्हापूरची राजधानी सगळ्यात ठळक दिसते ती या चौकात. इतर ठिकाणी राजाच्या पुतळ्याभोवती तोफा असतात, इथे विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत.

बिंदू चौकही त्याच वाटेवरचा. जुन्या तटाचा बुरूज तिथे अजून उभा आहे. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे तिथे शेजारी शेजारी आहेत. १९५० साली ते बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. मैत्रीण दीक्षाभूमीच्या गावची, तिनं चपला काढून नमस्कार केला.

दुपारी नवा राजवाडा. मेजर मँट या इंग्रज स्थापत्यकारानं आखलेला, १८८४ साली पुरा झालेला, काळ्या दगडाचा, मध्ये घड्याळाचा अष्टकोनी मनोरा. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. देखणा आहे, जरूर पाहावा. पण वाड्याची माहिती कुठेही मिळते, म्हणून मी पुढे जाते.

संध्याकाळ ठेवली होती खासबागेसाठी. विलायतेच्या त्याच सफरीत महाराजांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि त्यावरून १९१२ मध्ये हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, भोवती गोल चढत गेलेला उतार. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही आणि शड्डूचा आवाज सगळीकडे पोचतो. इथे यजमान बोलायला लागले, कारण पोरवयात ते तालमीत जायचे. हौद्याची लाल माती नुसती माती नसते. तीत हळद, ताक, लिंबू, तेल, काव घालून ती मळतात, म्हणजे अंग सोलवटलं तरी जखम चिघळत नाही. त्यांनी चिमूटभर माती उचलून ताईंच्या हातावर ठेवली. तिनं हुंगली आणि म्हणाली, "स्वयंपाकघराचा वास येतो हो भाऊजी!"

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून महाराजांनीच बांधलेलं. प्रेक्षागृहात मध्ये एक खांब नाही आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत संवाद ऐकू जायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला आहे त्या संगीत नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती नुसती नाटकवाली नव्हती. एका राजानं कुस्ती आणि नाटक भिंतीला भिंत लावून वसवलं, दोन्ही सगळ्या रयतेसाठी. म्हणून ते नाट्यगृह पूर्वीसारखं, आवाजाच्या त्याच गुणांसह उभं राहिलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी तुमच्याकडे पाहुणे आले की त्यांना एक दिवस पायी फिरवा. सकाळी लवकर निघा, कारण अंबाबाईपाशी गर्दी वाढत जाते. दसरा चौकात थांबून बोर्डिंगच्या पाट्या त्यांना वाचायला लावा. आणि कुस्तीचं मैदान भरणार असेल, तर पाहुण्यांना आणखी एक दिवस ठेवून घ्या. नमस्कार.