खाडा कोण भरणार?

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, ‘ऊसतोड कामगार आणि एचआयव्ही जनजागृती’. माझं म्हणणं त्यापेक्षा लहान आहे. या माणसांना माहिती कमी पडते असं आपण धरून चालतो. खरं तर त्यांना मोकळा दिवस कमी पडतो.

ऊसतोड म्हटलं की पुणेकरांना बीड आठवतं. पण हंगामात ती माणसं असतात कुठे? दौंड, इंदापूर, शिरूर. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. शिवाजीनगरच्या साखर संकुलात कुठल्या कारखान्याचा साखरेचा उतारा किती, ते दशांश चिन्हासकट मिळेल. कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, कोण तापाने पडलंय, ते विचारून बघा! असो.

एक गंमत सांगते. १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. एका कारखान्यावर, नाव विचारू नका, मला त्या रस्त्याने अजून जायचं असतं, मांडव घातलेला. छातीवर लाल फिती, शाल, श्रीफळ, सगळं साग्रसंगीत. वेळ सकाळी अकराची. समोर कोण? शेतकी खात्यातले स्लिपबॉय, कारकून आणि शेजारच्या शाळेतली आठवीची मुलं. ऊसतोडीवाले पहाटेच फडात गेलेले. एक दिवस बुडाला तर मुकादम खाडा, म्हणजे दंड, धरतो आणि तो दंड उचलीवर, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांवर, चढतो. मी संयोजकांना विचारलं, ज्यांच्यासाठी कार्यक्रम ते कुठायत? म्हणाले, “मॅडम, ते कामात आहेत, म्हणून तर आपण त्यांच्या वतीने करतोय.” (हशा) हसा, मीही तेव्हा हसले, शाल घेतली. वजनकाट्याच्या रांगेतले दोन गाडीवान तेवढे चहा दिसला म्हणून आले होते. पथनाट्य संपल्यावर त्यातल्या एकाने विचारलं, “बाई, ती तपासणी रातच्याला व्हती का?” अख्ख्या दिवसातला कामाचा प्रश्न तेवढाच. आणि मंचावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, भराभर.

स्थलांतरित म्हटलं की आपल्या योजनांना एकटा पुरुष दिसतो. इथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी धरतात. तिच्या अंगावरून पांढरं जातं, ती दुखणं अंगावर काढते. संसर्ग तसाच राहिला तर एचआयव्हीचा धोका वाढतो. शेवटी कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

औषध आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते. गोळी नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत येईनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत सुरू केली तर बाळाला लागण होण्याची शक्यता फारच थोडी उरते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल मुकादमाच्या कानावर घालता येत नाही. शंका असेल तर १०९७ वर फोन करा.

पण गोळ्या बीडच्या केंद्रात आणि माणूस इंदापुरात, हे कसं जमायचं? दसऱ्याच्या सुमारास, गाव सोडण्याआधीच तपासणी करा. पुढच्या गोळ्या नाहीतर इकडच्या केंद्राची चिठ्ठी हातात द्या. इकडे अंधार पडल्यावर कोप्यांवर जा. बायकांसाठी नर्सबाई आणि नीट आडोसा हवा. त्यातूनही दिवस मोडलाच, तर त्याचा खाडा कामगारावर नको. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलंय ना? मग त्यातून भरा.

निरोधाचं राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत घेऊ. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मघापासून हात वर केलाय, त्यांच्यापासूनच सुरुवात करा.