पुढे सॅपर असतो

मंडळी, मेजर राम राघोबा राणे यांच्याविषयी बोलाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. माझे वडील बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या आणि फौजेसाठी रस्ते-पूल करणाऱ्या इंजिनिअर तुकडीतून, हवालदार म्हणून पेन्शनीत आले. आमच्या घरात राणेसाहेबांचं नाव घेताना आवाज आपोआप खाली यायचा.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात, म्हणून शाळा सारख्या बदलत गेल्या. १९३० मध्ये बारा वर्षांचा हा पोरगा स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला जातोय हे पाहून वडील धास्तावले आणि बिऱ्हाड घेऊन चेंडियाला परतले. नोकरी सरकारची आणि मुलगा चळवळीत, त्या बापाची झोप उडाली असणार. दहा वर्षांनी, जुलै १९४० मध्ये, तोच मुलगा सॅपर्समध्ये भरती झाला. ब्रह्मदेशात लढला, हवालदार झाला. १५ डिसेंबर १९४७ ला तो सेकंड लेफ्टनंट झाला, आणि खांद्यावरच्या ताऱ्याला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा जम्मू-काश्मीरमध्ये पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात नौशेरा–राजौरी रस्ता मोकळा करण्याचं काम त्याच्याकडे आलं.

रणगाडे राजौरीला पोचवायचे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, चिडाची झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. ८ एप्रिल १९४८ ला सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होतच होतं, तेवढ्यात उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि रात्री दहापर्यंत काम केलं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, ते वडिलांनी मला अंगणात पालथं झोपून दाखवलं होतं. हातात संगिनीऐवजी पत्र्याची पट्टी. "उभी खुपसलीस तर सुरुंगाच्या माथ्यावर बसेल. तिरकी धर, म्हणजे कडेला लागेल." ते बोटभर जमीन तपासायचे, मग बोटभर पुढे. मी पाच मिनिटांत कंटाळले. राणे हे गोळीबारात करत होते.

९ तारखेला अंधार पडताना पाच मोठी चिडाची झाडं आडवी आली, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तिथेच, आणि साडेसहापर्यंत अडथळा दूर. साडेदहाला रणगाड्यांची वाट मोकळी झाली. आता मला ज्यासाठी इथे यायचं होतं ते सांगते. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनपर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचलेसुद्धा. राणे मात्र रस्त्यावरच थांबले, कारण मागून सामानाच्या गाड्या यायच्या होत्या. दारूगोळा, शिधा, औषधं यांच्या गाड्या काही नदीतून जात नाहीत. रात्री नऊपर्यंत, अन्नाचा कण न खाता, विश्रांती न घेता ते त्या गाड्यांसाठी रस्ता साफ करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा हजर. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला.

मला त्यांचं शौर्य इथे सगळ्यांत जास्त दिसतं.

त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते स्वीकारायला ते हयात होते. या पदकाचं चित्रही एका फौजी घरातूनच आलंय. विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी सावित्रीबाई यांनी ते रेखाटलं.

आपण बहुतेकदा इथेच थांबतो. पण राणे तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. त्यांची आणखी वीस वर्षांची नोकरी बाकी होती. १९५५ मध्ये लग्न झालं, चार मुलं झाली, आणि १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. हिशेब करून बघा, थोरलं मूलही तेव्हा बारा-तेरा वर्षांचंच असणार. फौजीची पेन्शन अशीच येते, मुलांची दप्तरं खांद्यावर असताना. पुढची सव्वीस वर्षं, ११ जुलै १९९४ ला पुण्यात डोळे मिटेपर्यंत, ते माजी सैनिक म्हणून जगले. या वर्षांवर कुणी व्याख्यान ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या घरातली ती वर्षं मी पाहिलीत. वडील आले तेव्हा मी चौथीत होते. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. दर सुट्टीला येऊन जाणारी ती ट्रंक त्या वेळी माळ्यावर चढली, आणि आई स्टुलाखाली उभी राहून नुसती बघत राहिली. पहिले काही महिने आम्हाला त्यांच्याशी बोलायचं कसं तेच कळेना. पत्रातले बाबा वेगळे होते.

त्या पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी आलं. दगड दिसत नव्हते. बाबांनी चप्पल काढून माझ्या हातात दिली, काठी तिरकी धरली आणि पाण्यात एकेक जागा चाचपत पलीकडे गेले. मग त्याच पावलांनी परत आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "आता चल. मी ठेवतो तिथंच पाय ठेव."