लाखांतून एक निवडताना

(दृश्य: धानाच्या बांध्या, नांदेड गाव, नागभीड तालुका)

हे नांदेड मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातलं. इथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून एचएमटी हे धानाचं नवं वाण आलं.

प्रयोगशाळेत एन्झाइमचंही, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या प्रथिनाचंही, असंच करतात. फक्त निसर्गातल्या बदलाची वाट न पाहता तो मुद्दाम घडवतात.

(दृश्य: डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र)

एन्झाइमची घडण जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकाच्या प्रती काढताना मँगनीज घालायचं, डीएनएच्या चार घटकांचं प्रमाण बिघडवायचं. मग नक्कल उतरवणारं पॉलिमरेझ अधूनमधून चुकतं. या प्रती जिवाणूंत सोडल्या की बशीत त्यांच्या हजारो वसाहती, म्हणजे ठिपक्यांसारखे पुंजके, उगवतात. बहुतेकींचं एन्झाइम मूळच्यासारखं किंवा त्याहून वाईट.

चांगलं ओळखायचं कसं? सगळी बुद्धी लागते ती इथं. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात शास्त्रज्ञ फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी सबटिलिसिन घेतलं. हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकात मंदावतं. त्यांनी बशीत दुधातलं केसिन आणि तेच द्रावक मिसळलं. जी वसाहत केसिन जास्त तोडेल, तिच्याभोवती मोठं स्वच्छ वलय. ती उचलायची, तिच्या जनुकात पुन्हा चुका घडवायच्या. १९९३ मध्ये हाती आलेलं एन्झाइम ६० टक्के द्रावकात मूळच्या २५६ पट कार्यक्षम होतं. हे बदल आधी कागदावर मांडणं कुणालाही जमलं नसतं. १९९४ मध्ये विलेम स्टेमर यांनी जनुकांचे तुकडे करून, पत्त्यांसारखे पिसून पुन्हा जोडायची रीत दिली.

अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल मिळालं. दादाजी त्याच वर्षी जूनमध्ये गेले.

(दृश्य: यवतमाळ, पऱ्हाटीत फवारणी)

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. फवारलेल्या औषधांत ऑर्गेनोफॉस्फेट गटातलीही होती. हा गट तोडणारं एन्झाइम मातीतल्या जिवाणूंत सापडतं. मूळ एन्झाइम याच गटातलं क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक जेमतेम तोडतं. याच पद्धतीनं २००४ मध्ये त्याची क्षमता ७०० पटींहून अधिक वाढवली गेली.

पण बशीत जे तपासलं, तेवढंच सुधारतं. पंप धुतलेलं गढूळ पाणी, काळी माती आणि ऑक्टोबरचं ऊन यांत टिकणारं एन्झाइम हवं असेल, तर हे तिन्ही पहिल्या चाचणीपासूनच बशीत असायला हवेत.