सुरा कमी, मूठ जास्त

हुरड्याचे दिवस आहेत. सूर्य उगवायच्या आत नान्नजच्या माळावरून काळविटांचा कळप ज्वारीच्या रानाकडे सरकतो आहे. सोलापूर शहर येथून सुमारे २० किलोमीटरवर आहे.

या पट्ट्यात पूर्वी हरणाचे मांस शिजत असे, हे म्हातारी माणसे आजही दबक्या आवाजात सांगतात. सोलापूरकरांना १९७२ हे साल दुष्काळामुळे आठवते. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षी झाला आणि काळविटाची शिकार हा गुन्हा ठरला. आम्ही ज्या घरात चित्रीकरण केले, त्या घरातील आजोबांचा सुरा मात्र आढ्यालाच खोचलेला राहिला. आज तो त्यांच्या मुलीच्या मुलाच्या हाती आहे आणि समोर आहे तो घरचाच काळाभोर उस्मानाबादी बोकड. शहरात वाढलेल्या या तरुणाने आजवर मटण पाहिले ते काळ्या पिशवीत.

आदल्या संध्याकाळपासून बोकडाचा चारा बंद होता, पाणी तेवढे चालू होते. पोट रिकामे असले म्हणजे पुढचे काम स्वच्छ होते. गावच्या रीतीप्रमाणे मान मुलाणीचाचांनी कापली. तेव्हा आमचा कॅमेरा बंद होता.

आता बोकड लिंबाच्या फांदीला मागच्या पायांनी टांगलेला आहे. मामांनी टाचेच्या नसेमागे भोक पाडून दोरी ओवली, मांडीच्या आतल्या बाजूने दोन चिरा दिल्या आणि सुरा खाली ठेवला. "सुरा कमी, मूठ जास्त," एवढेच ते भाच्याला म्हणाले. कातडे आणि मांस यांच्यामध्ये निळसर पांढरा पातळ पापुद्रा असतो. त्यात मूठ घालून खाली दाबत गेले की कातडे आपसूक सुटते, आणि सुऱ्याने घाई केली की कातड्याला भोके पडतात. थंडीत अंगातून वाफ निघते आहे. केसांना लागलेला हात मांसाला लागू द्यायचा नाही, नाहीतर मटणाला उग्र वास राहतो, म्हणून मामी दर थोड्या वेळाने तांब्या पुढे करतात. मामांना जे काम पाव तासाचे, त्याला भाच्याला तास लागला. तो तास आम्ही चित्रणात जवळजवळ सगळाच ठेवला आहे, कारण हे हात पुढच्या पिढीत दिसतील याची खात्री वाटत नाही.

पोट उघडताना आतडे फुटू नये म्हणून सुऱ्याचे टोक दोन बोटांच्या आड ठेवतात. वजडी, कलेजी, गुर्दे, फुप्फुस वेगवेगळ्या पातेल्यांत गेले. पित्ताची पिशवी फुटली, कलेजीचा तेवढा तुकडा फेकावा लागला. फऱ्याचा सांधा सोडवताना सुरा निसटला आणि भाच्याच्या तळहाताला तीन टाके पडले. उरलेले तुकडे मामांनी केले.

बोकड जिवंत ३० किलोचा होता, हाडांसकट मटण १४ किलो भरले. निम्म्याहून थोडे कमी, हा हिशेब बहुधा असाच येतो. मानेचा वाटा मुलाणीचाचांकडे गेला. मुंडी आणि पाय चुलीच्या जाळावर भाजून, केस खरवडून ठेवले आहेत. कातड्याला जाडे मीठ चोळले आहे.

सायंकाळी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड, घातलेला रस्सा आणि मालदांडी ज्वारीची भाकरी. उरलेल्या मांसाच्या लांब पट्ट्यांना मीठ-हळद लावून मामी त्या दोरीवर टाकत आहेत. इकडे त्यांना चान्या म्हणतात. भाचा डाव्या हाताने दोरीचे टोक धरून उभा आहे, आणि खाली मांजर.