हात न धुता थांबायचं: एडना फोआ यांचा उपचार

दाराची मूठ. दिवसभरात कितीतरी हात लागलेली. ती घट्ट धरायची, तोच तळवा गालावरून, केसांवरून फिरवायचा आणि हात धुवायचे नाहीत. थेरपिस्ट हे सगळं आधी स्वतः करते, मग समोरच्याला करायला लावते आणि विचारते, "शून्य ते शंभरमध्ये आत्ता बेचैनी किती?"

"नव्वद."

"बरं. बसू या इथेच."

मंत्रचळाने, म्हणजेच ओसीडीने, गांजलेल्या माणसाशी असं वागणं बघणाऱ्याला निर्दयच वाटेल. या आजारात नकोसा विचार मनात पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची बेचैनी घालवायला धुण्यासारखी एखादी कृती परत परत केली जाते. पूर्वी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. धुण्यापासून अडवलं तर रुग्ण कोसळेल, अशी धास्ती होती. ही धास्ती नुसत्या मतांनी नाही, तर मोजमाप करून खोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या एडना फोआ.

जन्म १९३७, हैफा. इस्राएलच्या बार इलान विद्यापीठातून १९६२ मध्ये पदवी. विषय मानसशास्त्र आणि साहित्य. १९७० मध्ये अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाची डॉक्टरेट. मग फिलाडेल्फियातलं टेम्पल विद्यापीठ. तिथे होते जोसेफ वोल्पे. भीतीवरच्या वर्तनोपचारातलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव. अंग सैल सोडायचं आणि भीतीची गोष्ट मनात आणायची, आधी सौम्य, मग जरा कठीण, अशी वोल्पे यांची रीत. बेचैनी शून्य ते शंभरमध्ये मोजणं हीदेखील त्यांचीच देणगी. उंचीची, प्राण्यांची भीती या रीतीने चांगली हटायची. मंत्रचळ मात्र तिला फारशी दाद देत नव्हता.

वेगळी वाट लंडनमध्ये सापडली होती. १९६६ मध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांची हकिगत छापली. रुग्णालयात ठेवून, परिचारिकांच्या देखरेखीत, त्यांना भीतीच्या गोष्टींना सामोरं जायला लावलं होतं आणि परत परत केल्या जाणाऱ्या कृतींपासून रोखलं होतं. दोघंही बरेच सुधारले. पण सुधारले नेमके कशामुळे? भीतीला सामोरं गेल्यामुळे, की कृती थांबवल्यामुळे?

फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न धरून ठेवला. १९८४ च्या अभ्यासात धुण्याचा मंत्रचळ असलेल्या रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने किळस वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायचा; धुण्यावर बंदी नाही. दुसऱ्याने धुणं थांबवायचं. मुद्दाम हात लावायचा नाही. तिसऱ्याने दोन्ही करायचं. हात लावणाऱ्यांची भीती जास्त उतरली. धुणं थांबवणाऱ्यांची धुण्याची कृती जास्त कमी झाली. दोन्ही करणारे सगळ्यांच्या पुढे गेले. मला फोआ यांच्या कामातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. एका उपचाराची दोन अंगं सुटी केली आणि कोणतं अंग काय करतं ते दाखवून दिलं.

आता परत त्या खोलीत जाऊ. बेचैनी नव्वदवर आहे. रुग्ण विचारतो, "मला काही होणार नाही ना?" साधा प्रश्न. कुणीही पटकन म्हणेल, "छे, काही होत नाही." थेरपिस्ट ते म्हणत नाही. कारण तो दिलासाही धुण्यासारखाच. घटकाभर बरं वाटतं आणि पुढच्या वेळी तो पुन्हा हवा असतो. ती म्हणते, "खात्री मीही देऊ शकत नाही. आकडा किती झाला?" काही वेळाने तो पंचाहत्तर सांगतो. कधी तासभर हलतच नाही.

आकडा उतरला तरच उपचार लागू पडतो, असं फोआही पूर्वी मानत. १९८६ मध्ये मायकल कोझॅक यांच्याबरोबर त्यांनी मांडलेल्या सिद्धांतात ते एक महत्त्वाचं लक्षण होतं. पुढच्या संशोधनात दिसलं की बैठकीतच भीती ओसरणं आवश्यक नाही. न धुता वेळ काढला आणि जे होईल असं वाटत होतं ते झालं नाही, हे अनुभवणं जास्त मोलाचं.

आणि ज्यांचा मंत्रचळ हाताने दाखवताच येत नाही त्यांचं काय? आपल्याच हातून बाळाला इजा होईल, या विचाराने हादरलेली आई घ्या. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी दाखवलं होतं की असले नकोसे विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. फरक पडतो तो त्या विचाराला किती वजन दिलं जातं यामुळे. अशा रुग्णाकडून भीतीचा प्रसंग तपशिलासह बोलून घेतात, ध्वनिमुद्रित करतात आणि तो रोज ऐकायला लावतात. सुऱ्या लपवायच्या नाहीत, बाळापासून लांब राहायचं नाही.

२००५ मध्ये फोआ आणि मायकल लीबोविट्झ यांच्या गटाने १२२ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध केली. उपचार सुरू करणाऱ्या सगळ्यांना धरलं, तर या उपचाराने ६२ टक्के लोकांना गुण आला, क्लोमिप्रामीन या औषधाने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० टक्के आणि औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीने ८ टक्के. उपचार पूर्ण करणाऱ्यांपुरतं बघितलं तर पहिला आकडा ८६ होतो. जाहिरातीला तो बरा. पण मध्येच सोडून जाणारेही रुग्णच असतात, म्हणून ६२ लक्षात ठेवलेला बरा.

शेवटच्या टप्प्यात थेरपिस्ट रुग्णाच्या घरी जाते, कारण खरी भीती असते ती तिथल्या नळापाशी, तिथल्या कपाटापाशी. घरच्यांनाही सांगून ठेवतात: "हे स्वच्छ आहे ना?" असं शंभरदा विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. आणि धुणं कायमचं बंद नसतं. दिवसातून एकदा दहा मिनिटांची अंघोळ. हात पाच वेळांपेक्षा जास्त नाही, दर वेळी तीस सेकंद. त्यानंतर नळ बंद, आणि ज्या वस्तूची भीती वाटायची तिला लगेच पुन्हा हात लावायचा.