ट्राउट हवाय? आधी गार पाणी शोधा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. पेन स्टेट युनिव्हर्सिटीचं गाव, त्यामुळे आपली मराठी पोरं इथे सापडतातच, कोणी एमएस करतंय, कोणी नोकरी लागली म्हणून इथेच राहिलंय. शनिवार-रविवार आला की निम्मे जण गाडी काढून न्यूयॉर्कला पळतात, आणि इथे गावाला लागून जे पाणी वाहतंय, त्यातल्या ट्राउट माशासाठी लोक दुसऱ्या राज्यांतून तासन् तास गाडी चालवत येतात.

नवीन माणूस काय करतो, फोनवर मॅप उघडतो, निळी रेघ दिसली की गळ घेऊन निघाला. तसं इथे जमत नाही. आपल्याकडची मरळ गढूळ, कोमट डबक्यातपण मजेत जगते, ट्राउटचे नखरे वेगळे. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की याची दमछाक सुरू, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो. म्हणून माझं म्हणणं, भारीतला रॉड नंतर घ्या, आधी एक साधा थर्मामीटर घ्या.

आता हे गार पाणी येतं कुठून? इथल्या खोऱ्यांच्या तळाशी चुनखडीचा दगड आहे. पावसाचं पाणी भेगांमधून आत मुरतं, जमिनीखालच्या पोकळ्यांमधून फिरतं आणि झरा होऊन वर येतं ते साधारण १० अंशांवर, मग बाहेर जुलैचं ऊन असो नाहीतर जानेवारीचा बर्फ. कडाक्याच्या थंडीत सकाळी इथल्या स्प्रिंग क्रीक नदीवर चक्क वाफ दिसते. शिवाय चुन्यामुळे पाण्यात खाणं भरपूर, मासा पोसला जातो. डोंगरावरच्या ओढ्यांतपण ट्राउट आहेत, तिथला मूळचा ब्रूक ट्राउट, दिसायला एकदम देखणा, पण बहुतेक वेळा वीतभरच.

काठावर पोचल्यावर लगेच गळ टाकू नका. एक दगड उचला आणि उलटा करा. हे बघा, वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी, आत कॅडिस नावाच्या किड्याची अळी बसलीय, आणि शेजारी ती तीन शेपट्यांची, चपटी, पळापळ करणारी, ती मेफ्लाय या दुसऱ्या किड्याची. ट्राउट हेच खातो, आपली फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली याचीच नक्कल. दगडाखाली काहीच नसेल तर पुढे चला, वेळ घालवू नका.

स्प्रिंग क्रीकची गोष्ट मात्र जरा विचित्र आहे. एका केमिकल कारखान्यामुळे या पाण्यात मायरेक्स आणि केपोन ही विषारी रसायनं उतरली, मासे खाण्यालायक राहिले नाहीत, म्हणून १९८२ पासून इथला ट्राउट घरी न्यायला बंदी आली. झालं काय, कोणी मासे नेईना, आणि जंगली ब्राउन ट्राउट असे वाढले की आज ट्राउटसाठी ही नदी नावाजलेली आहे. प्रदूषणाचं कौतुक नाही करत मी, पण झालं ते असं झालं. याच नदीवर फिशरमन्स पॅरडाइज नावाचा पट्टा आहे, तिथे फक्त फ्लाय, हूकला उलटा काटा चालत नाही आणि पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच टाकायचं.

आणि ज्याला शिकायचंय त्याने लाजायचं कारण नाही, पेन स्टेटमध्ये जॉर्ज हार्वी यांनी १९४७ मध्ये फ्लाय फिशिंगचा क्रेडिट मिळणारा कोर्स सुरू केला. हो, क्रेडिट! घरी सांगून बघा.

लायसन्स लागतं, वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर, वर ट्राउटचं वेगळं परमिट. राज्याच्या फिश अँड बोट कमिशनच्या साइटवर नकाशे आहेत, त्यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखा: एक, ट्रकने मासे आणून सोडतात ते पाणी, तिथे एप्रिलच्या पहिल्या शनिवारी नुसती जत्रा, खांद्याला खांदा, आणि दुसरं 'क्लास ए', जिथे मासे आपले आपण वाढतात. तुम्ही दुसरं बघा. बाकी काठ कोणाचा आहे हे विचारल्याशिवाय उतरू नका, स्प्रूस क्रीक नदीचा मोठा भाग खाजगी आहे, तिथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यायचे मासे धरायला, आपल्याला मात्र युनिव्हर्सिटीचा छोटासा तुकडा मोकळा आहे.

मे संपता संपता पेन्स क्रीकवर जा. ही नदी पेन्स केव्ह नावाच्या गुहेतून निघते. संध्याकाळी ग्रीन ड्रेक नावाची मोठी मेफ्लाय पाण्यातून वर यायला लागते आणि एरवी तळाशी दबा धरून बसणारे मोठाले ब्राउन ट्राउट पृष्ठभागावर येऊन सटासट गिळतात. गर्दी होते, पार्किंग मिळत नाही, तरी जा. जुलैत मात्र कोबर्न गावाच्या खाली हेच पाणी दुपारी तापतं. थर्मामीटर २० च्या वर दाखवत असेल तर दोरी गुंडाळा, कारण पकडून सोडलेला मासापण अशा पाण्यात मरतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झऱ्यांजवळचा पट्टा गाठा.