आवडतं कोण, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं!

[पडद्यावर: खोल दरीवर हलणारा पूल, खाली नदी]

हा जो पूल दिसतोय ना, हा कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळचा कॅपिलानो सस्पेन्शन ब्रिज. नदी पुलापासून साधारण 70 मीटर खाली, आणि पूल असा की पाय ठेवला की हलायलाच लागतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी इथे एक प्रयोग केला, तो 1974 साली छापून आला. पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवायची, प्रश्नावली भरून घ्यायची, एक चित्र दाखवून त्यावर छोटीशी गोष्ट लिहायला सांगायची, आणि शेवटी कागदाच्या चिटोऱ्यावर आपला फोन नंबर देऊन म्हणायची, या अभ्यासाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर फोन करा. हेच सगळं मग एका भक्कम, बुटक्या पुलावरही केलं.

हलणाऱ्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या 16 पैकी फक्त 2. शिवाय हलणाऱ्या पुलावर लिहिलेल्या गोष्टींमध्ये लैंगिक आशय जास्त होता. थांबवणारा पुरुष असला की मात्र फोन करणारे फारसे कुणी नव्हतेच.

संशोधकांचं म्हणणं असं, की छाती धडधडत होती उंचीमुळे, पण मनानं तिचं श्रेय समोरच्या बाईला देऊन टाकलं. ऐकायला झकास आहे, पण 18 आणि 16 माणसं म्हणजे आकडा तसा किरकोळच, त्यामुळे मला जास्त पटतो तो 1981 चा प्रयोग. त्यात पुरुषांना जागच्या जागी धावायला लावलं, काहींना 15 सेकंद, काहींना 2 मिनिटं, आणि मग एका तरुणीचा व्हिडिओ दाखवला. तरुणी एकच, फक्त एका व्हिडिओत तिला छान नटवलं होतं आणि दुसऱ्यात मुद्दाम बेंगरूळ केलं होतं. जास्त धावलेल्यांना नटलेली तरुणी आणखी आवडली आणि बेंगरूळ दिसणारी आणखीच नावडली. म्हणजे धडधडीतून प्रेम तयार होत नाही, आधीच जे काही वाटतंय ते फक्त ढवळून वर येतं. डेटला घाबरवणारा सिनेमा बघायला न्या असा सल्ला देणारे हा अर्धा भाग सोयीस्कर विसरतात.

[पडद्यावर: स्पीड डेटिंगची टेबलं]

आता तुम्ही म्हणाल, पुलाचं सोडा, मला कसा जोडीदार हवा ते मला पक्कं माहितीये. बरं. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्पीड डेटिंग, म्हणजे अनोळखी लोकांच्या एकामागोमाग एक काही मिनिटांच्या भेटी, भरवलं, 2008 साली त्याचे निष्कर्ष आले. आधी विचारलं तेव्हा पुरुष म्हणाले दिसणं महत्त्वाचं, बायका म्हणाल्या कमाई महत्त्वाची, सगळं ठरल्यासारखं. आणि प्रत्यक्ष भेटल्यावर? दिसण्याला आणि कमाईला दोघांकडूनही जवळपास सारखाच भाव, आणि कुणी आधी काय सांगितलं होतं त्यावरून त्याला पुढे कोण आवडेल हे काही कळेना.

2017 मध्ये समांथा जोएल यांनी ईस्टविक आणि फिंकेल यांच्याच बरोबर हे काम कॉम्प्युटरकडे दिलं. प्रत्येकाबद्दल 100 हून जास्त गोष्टी विचारल्या, स्वभाव, आवडीनिवडी, अपेक्षा, सगळं मशीन लर्निंगमध्ये घातलं. एखादा माणूस एकूणच लोकांना कितपत आवडतो किंवा तो स्वतः किती चोखंदळ आहे, याचा थोडाफार अंदाज मशीनला आला, पण या दोघांचं जमेल आणि त्या दोघांचं नाही, हे काही सांगता आलं नाही. तेव्हा एखादं डेटिंग ॲप नव्वद टक्के मॅच वगैरे म्हणालं तर हसून पुढे जायचं.

वासाचं काय? स्वित्झर्लंडमध्ये 1995 साली पुरुषांनी घालून झोपलेले टी-शर्ट बायकांना हुंगायला दिले आणि रोगप्रतिकारशक्तीची जनुकं ज्यांची स्वतःपेक्षा वेगळी त्यांचा वास जास्त आवडला असं दिसलं. भन्नाट प्रयोग, पण नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून यावर जास्त वेळ घालवत नाही.

आणि सेक्स? इथे लोकांना आकडाच हवा असतो, आठवड्यातून किती वेळा. 30 हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की नात्यात असलेल्यांमध्ये आठवड्याला एकदापर्यंत सेक्स आणि समाधान बरोबरीनं वाढतात, त्यापुढे समाधान काही वाढत नाही. मग कार्नेगी मेलन विद्यापीठानं भारीच केलं, काही जोडप्यांना सांगितलं की तीन महिने सेक्स दुप्पट करा. बिचाऱ्यांनी वाढवला, अगदी दुप्पट जमला नाही तरी, आणि ती आनंदी व्हायची सोडून उलट थोडी मरगळलीच. सांगितलं म्हणून करायचं म्हटलं की त्यातली इच्छाच आटते, असं संशोधकांनाही वाटलं.

इच्छेचंही एक आहे. आधी इच्छा, मग जवळीक, असाच क्रम आपण धरून चालतो. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली मांडलं की बऱ्याच बायकांच्या बाबतीत, विशेषतः जुन्या नात्यात, क्रम उलटा असू शकतो, आधी जवळीक, स्पर्श, मग त्यातून इच्छा. हे माहीत नसल्यामुळे आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं समजून किती जणी गप्प बसत असतील, कोण जाणे.

आणि एक आकडा सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या 50 हजारांहून जास्त लोकांच्या सर्वेक्षणात, सेक्सच्या वेळी नेहमी किंवा बहुतेक वेळा ऑर्गॅझम येतो असं म्हणणारे स्त्रियांकडे आकर्षित होणारे पुरुष होते 95 टक्के, पुरुषांकडे आकर्षित होणाऱ्या बायका 65 टक्के. आणि लेस्बियन बायका? 86. आता बायकांचं शरीरच गुंतागुंतीचं हो, असं म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा परत ऐकावा.

[पडद्यावर: वेगवेगळ्या वयाची जोडपी]

मग नातं टिकतं, चांगलं राहतं, ते कशावर? 2020 मध्ये जोएल आणि त्यांच्या बरोबरच्या संशोधकांनी 43 अभ्यासांमधली 11,196 जोडपी एकत्र तपासली. माणसाचा स्वभाव, वय, कमाई, चिंता यावरून त्याच्या नात्यातल्या समाधानातला जास्तीत जास्त 21 टक्के फरक समजत होता. पण समोरचा या नात्यात किती मनापासून आहे असं मला वाटतं, माझी कदर होते का, सेक्समध्ये समाधान आहे का, भांडणं किती, हे घेतलं की 45 टक्क्यांपर्यंत. गंमत म्हणजे मला काय वाटतं हे एकदा कळलं की जोडीदारानं स्वतःबद्दल भरलेल्या माहितीनं अंदाजात फारशी भर पडत नव्हती.

हे झालं आजच्या समाधानाबद्दल. पुढे ते वाढेल की घटेल, हे मात्र एवढी सगळी माहिती हाताशी असूनही जवळपास कशावरूनच सांगता आलं नाही.